टचस्क्रीन, हातमोजे आणि ‘ळ’

मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील पीथमपुरात, वाहनांचे आणि औषधांचे कारखाने असलेल्या या औद्योगिक नगरात, बटणांचा फोन सोडून टचस्क्रीनकडे वळणाऱ्या कामगाराला पहिली अडचण येते ती हातमोज्यांची. आजच्या पडद्यांत काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची अदृश्य जाळी असते आणि मानवी शरीरही वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या जागेची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. या बदलावरून फोन स्पर्शाचे ठिकाण ओळखतो, म्हणूनच जाड रबरी मोजा घातलेले बोट त्याला सहसा जाणवत नाही. जुन्या फोनवर न पाहता, नुसत्या चाचपणीने आकडे दाबता येत. ती सोय गेली, हे नुकसान लहान नाही.

मराठी भाषकांचा लाभ मात्र त्याहून मोठा आहे. पवार या मराठा घराण्याच्या संस्थानांमुळे धार-देवासात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना पडद्यावरचा कळफलक हवा तेव्हा बदलता येतो, आणि हिंदी लिहिताना क्वचितच लागणारा ‘ळ’ किंवा ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्य’ मराठी कळफलकावर हाताशी असतो. फोनच्या सेटिंगमधील कळफलकाच्या भाषांच्या यादीतून ‘मराठी’ निवडून हा कळफलक प्रत्येकाने आजच जोडून घ्यावा.