शिडांच्या जहाजांवरची इंग्रजी

इंग्रजीतले कितीतरी नेहमीचे वाक्प्रचार शिडांच्या जहाजांवर जन्मले. ब्रिटनचा व्यापार आणि आरमार वाऱ्याच्या भरवशावर चालत होते, त्या काळातले ते आहेत. खलाशी बंदरात उतरले की त्यांची बोलीही किनाऱ्यावर येई. पुढे वाफेची जहाजे आली, शिडे गेली, बोली तेवढी राहिली. म्हणूनच एकेक शब्द कोशात पाहून या वाक्प्रचारांचा अर्थ लागत नाही.

‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन तर्र. शीट म्हणजे चादर किंवा फार तर शीड, असे वाटते. जहाजावर मात्र शीट हा दोर असतो, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा. तो सुटला की शीड नुसते फडफडते. असे तीन दोर सुटले तर जहाज झोकांड्या खाऊ लागते.

‘द बिटर एंड’मध्येही अशीच फसगत होते. यातल्या ‘बिटर’चा मूळ संबंध कडू चवीशी नसावा. नांगराचा दोर ज्या भक्कम खुंटांना गुंडाळत, त्यांना ‘बिट्स’ म्हणत आणि खुंटांच्या आत, जहाजावरच राहणाऱ्या दोराच्या भागाला ‘बिटर्स एंड’. कॅप्टन जॉन स्मिथ यांनी १६२७ साली छापलेल्या नौकाविद्येच्या पुस्तकात ही व्याख्या दिली आहे. दोर तिथवर सोडून झाला की आणखी सोडायला काही उरत नाही. त्यावरून ‘अगदी शेवटपर्यंत’ हा अर्थ आला. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातही कडू शेवटाचा उल्लेख आहे. पुढे हा कडवटपणा वाक्प्रचाराला चिकटला तो बहुधा त्यामुळे.

वारा अचानक समोरून आला की शिडे उलटी डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागीच अडखळते. ही अवस्था म्हणजे ‘टेकन अबॅक’. माणसाच्या बाबतीत, अवाक होणे. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत पाहता. वाऱ्याच्या शक्य तितके समोर जाणे हे ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन जाणे हे ‘लार्ज’. दोन्ही जमणारे जहाज सर्व परिस्थितींत चांगले.

‘टर्न अ ब्लाइंड आय’, म्हणजे काणाडोळा करणे, हा वाक्प्रचार ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या नावाशी जोडला गेला आहे. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ अॅडमिरल हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याची निशाणे चढवली. नेल्सनने दुर्बीण त्या डोळ्याला लावली आणि आपल्याला निशाणे दिसतच नाहीत असे सांगून लढाई चालू ठेवली, अशी कथा आहे. कथेला नंतर थोडा मसाला लागला असेल. आज्ञा त्याने मोडली हे मात्र खरे.

समुद्राशी जोडलेली प्रत्येक व्युत्पत्ती खरी नसते. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’, म्हणजे गुपित फोडणे, यातले मांजर म्हणजे खलाशांना शिक्षा देण्याचा नऊ पदरी चाबूक, असे ठासून सांगितले जाते. तो चाबूक ‘कॅट’ म्हणूनच ओळखला जाई, हे खरे. पण तो पिशवीतून काढल्याने कोणतेच गुपित फुटत नाही. बाजारात डुकराच्या पिलाऐवजी पिशवीत मांजर घालून गिऱ्हाइकाला फसवत, ही दुसरी उपपत्ती अर्थाला जास्त जुळते, पण तिलाही ठोस पुरावा मिळालेला नाही.