पानपिंपरी : ओल हवी, साचलेलं पाणी नको

पानपिंपरी म्हणजे लेंडी पिंपळी, मिरीच्या कुळातली वेल. तिचं मूळ घर दमट, सावलीचं जंगल. म्हणून अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा भागातल्या मळ्यांत तिला सावली अन् वरचेवर हलकं पाणी देतात. पण पाणी साचलं की मुळं कुजतात. पावसाआधीच चर काढा.

फळं हिरवी, टणक असतानाच तोडा. पिकली की तिखटपणा उतरतो. ४ ते ५ दिवस उन्हात खडखडीत वाळवा.

सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू होतं. वैद्य ते कफ-खोकल्यावर, मंदावलेल्या भुकेवर देतात. पिंपळी उष्ण, गरोदर बायांनी, दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकला २ आठवड्यांवर गेला तर पिंपळीवर विसंबू नका, दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.