कार्यकर्ता गेल्यावर त्याच्या घरी काय उरतं?

दर वर्षी मदतनिधीचा कार्यक्रम आटोपला, की चहाच्या टेबलाशी कोणीतरी विचारतंच, "आपले पैसे नक्की जातात कुठे हो?" प्रश्न रास्त आहे, आणि या वर्षी तर त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. कारण या वेळी आपण शाळा बांधत नाही की रुग्णवाहिका घेत नाही. एका घराला हात देतो आहोत. नंदुरबार जिल्ह्यातले, नर्मदेच्या बुडितात गाव गेलेले एक आदिवासी कार्यकर्ते दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तापाने गेले. मागे पत्नी, दोन मुली, एक मुलगा आणि म्हातारी आई. त्यांचं नाव-गाव आम्ही छापत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि मदत घेणाऱ्याने फोटो द्यायलाच हवा असं आम्हालाही वाटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्यातले बरेच जण देश सोडून आले तेव्हा नर्मदेचा प्रश्न रोज वर्तमानपत्रात असायचा, पुढे तो मागे पडला. सरदार सरोवर धरण गुजरातमध्ये, पण त्याच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली हे त्यांतलं पहिलं. धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या घरातल्या पंख्यापर्यंत हा विषय येऊन पोचतो. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला, त्यात विस्थापितांसाठी त्या काळाच्या मानाने चांगली तरतूद होती. ज्या कुटुंबाची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. घरासाठी ६० बाय ९० फुटांचा प्लॉट. कागदावर सगळं होतं. प्रत्यक्षात त्या कागदावर आपलं नाव चढवून घेण्यातच एका पिढीचं आयुष्य गेलं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले, २०१९ मध्ये धरण प्रथमच पूर्ण भरलं. धरण झालं, नावं चढवण्याचं काम मात्र संपलं नाही.

हे काम करतो तो गावातला कार्यकर्ता. भाषण करणारा पुढारी वेगळा. हा माणूस लोकांच्या फायली घेऊन सातपुड्याचा घाट चढतो-उतरतो. कोणाचं नाव यादीत 'घोषित' नाही, कोणाचा मुलगा सज्ञान असून धरलेला नाही, कोणाला मिळालेली जमीन खडकाळ निघाली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या दप्तरात 'अतिक्रमण' म्हणून लागलेली, हे तर घरोघरचं दुखणं. पावरी-भिलोरी बोलणाऱ्याचं म्हणणं मराठी अर्जात उतरवायचं, पोच घ्यायची, पुढच्या तारखेला पुन्हा जायचं. याला पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, विमा नाही. शेती घरच्यांनी बघायची.

१९९३ साली अक्राणी तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात रेहमल वसावे हा आदिवासी मुलगा मारला गेला. तो हुतात्मा ठरला, त्याचं नाव आजही घेतलं जातं. पण खोऱ्यातले बरेचसे कार्यकर्ते असे जात नाहीत. ते मलेरियाने जातात, काविळीने जातात, वेळेवर बोट मिळाली नाही म्हणून जातात. त्यांची बातमी होत नाही.

आता आमची चूक सांगतो. बातमी कळल्यावर आम्ही उत्साहाने एकरकमी मदत पाठवायचं ठरवलं. आठवड्यात पैसे जमले, कौतुकही झालं. आणि ते पैसे पाच महिने पडून राहिले! वहिनींच्या नावाने बँकेत खातंच नव्हतं. खातं उघडायला गेल्या तर आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर माहेरचं, मतदार यादीत तिसरंच. इथे आपलं आडनाव कोणी एका अक्षराने चुकवलं तरी आपण किती वैतागतो! पुढे फोनवर बोलताना वहिनींनी आमच्या कार्यकर्तीला जे सांगितलं, त्याने आमची दिशाच बदलली. त्यांचं म्हणणं असं की पैसे येतील तेव्हा येतील, आधी माझ्या माणसाचं नाव कुठे कुठे आहे ते शोधून द्या.

म्हणजे काय, ते आम्हालाही हळूहळू समजलं. ते गेले तालुक्याबाहेरच्या दवाखान्यात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे करतात, राहत्या गावी नाही. सोबतच्या माणसाने घाईत जे नाव सांगितलं ते लागलं, आणि वडिलांचं नाव चुकलं. या एका चुकीवर पुढचं सगळं अडलं. मृत्यूचा दाखला जुळत नाही म्हणून वारस नोंद नाही. वारस नोंद नाही म्हणून सात-बारावर त्यांचंच नाव. प्रकल्पग्रस्त म्हणून राज्य सरकारी नोकरीत जे ५ टक्के आरक्षण आहे, त्याचा दाखला घरातल्या एकाच्या नावे करून घेता येतो, पण त्यालाही वारसाचे कागद लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० रुपये एकदा मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी योजनेतून महिन्याला १,५०० मिळू शकतात. या दोन्ही अर्जांना पहिला कागद लागतो तो मृत्यूचा दाखला.

आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत गावातल्या चाळीसेक लोकांच्या फायलींच्या प्रती निघाल्या, तारखेवार लावलेल्या. त्यांच्या स्वतःच्या वनहक्काच्या दाव्याची मात्र नुसती पोच होती. पुढचा पाठपुरावा केलेलाच नव्हता. लोकांची कामं आधी, आपलं नंतर, असं करता करता राहून गेलं.

याच दाव्यात या घराची खरी आशा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे मिळालेली जमीन विकता येत नाही, पण वारसांकडे जाते, आणि लग्न झालेलं असेल तर पती-पत्नी दोघांच्या नावे लागते. म्हणजे तो दावा वेळेत मंजूर झाला असता तर वहिनींचं नाव तेव्हाच आलं असतं. मुलींचा प्रश्न अजून अवघड. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी चालते, आणि रूढीत जमीन बहुधा मुलग्यांकडे. मात्र जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात स्त्रियांनाही वारसाहक्कात समान वाटा मिळायला हवा असं सांगितलं. निकाल आहे म्हणून तलाठी उद्या नाव लावील असं नाही, पण वकिलाच्या हातात काहीतरी आलं.

तेव्हा आपल्या निधीतला मोठा भाग जाणार आहे या कंटाळवाण्या गोष्टींवर. वकिलाची फी, प्रतिज्ञापत्रं, जाण्या-येण्याचं भाडं, आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी. मजुरी लिहायला आम्ही पहिल्यांदा विसरलोच होतो. कचेरीत एक चक्कर म्हणजे वहिनींच्या कामाचे दोन दिवस. दुसरा भाग मुलांच्या शिक्षणाचा. धाकटी दोघं खोऱ्यातल्या जीवनशाळेत शिकली. या शाळा आंदोलनाने १९९१-९२ पासून चालवल्या, "लढाई-पढाई साथ साथ" म्हणत. थोरली आता तालुक्याच्या गावी वसतिगृहात आहे आणि तिला शिक्षण सोडायचं नाही. तीन वर्षांचा खर्च आपण उचलतो आहोत. एका वर्षाचा उचलून पुढच्या वर्षी नवा विषय शोधायचा, असं करणार नाही.

एका खर्चावरून मात्र कमिटीत बरीच खडाजंगी झाली. पहिल्या रकमेतला काही भाग दिवसकार्याच्या जेवणाला गेला. काही जणांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांना नाहीच पटलं. मग तिथल्या लोकांशी बोलल्यावर कळलं, की एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने कामाला जायची तिथे रीत आहे. गावाला जेवण घातलं नाही, तर उद्या नांगरणीला कोण येणार? आपल्याकडे इन्शुरन्स असतो, तिथे गाव असतं. तो खर्च आम्ही मंजूर केला, हिशेबात उघड लिहिलाही आहे.

दुसरा आक्षेप असा, की मंडळाने आंदोलनात कशाला पडावं? धरण हवं की नको यावर आपल्या सभासदांची मतं वेगळी आहेत आणि तशीच राहोत. हे कुटुंब जे मागतं आहे ते लवादाने आणि कायद्याने दिलेलंच आहे.

आता पैसे पाठवण्याबद्दल, कारण यात दर वर्षी गोंधळ होतो. मंडळ परदेशी संस्था असल्याने आपली देणगी भारतात 'विदेशी अंशदान' ठरते. ती ज्या संस्थेकडे त्यासाठीची रीतसर नोंदणी आहे तिलाच देता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हे पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात, आणि घेणाऱ्या संस्थेला ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष नंदुरबारमध्ये काम करणारी, नोंदणी असलेली संस्था शोधण्यात आमचे सहा महिने गेले. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट पाठवलेली रक्कम विदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललेल्यांची मात्र धरली जाते, ओसीआय कार्ड असलं तरी. फॉर्मवर तसा चौकोन आहे, तो कृपया भरा. आणि "माझा भाचा नाशिकला असतो, त्याच्या हाती रोख देतो" हा प्रेमळ प्रस्ताव या वर्षी कोणीही आणू नये ही विनंती!

हे लिहीपर्यंतची प्रगती अशी. मृत्यूच्या दाखल्यातलं वडिलांचं नाव दुरुस्त झालं. वहिनींच्या नावाने खातं उघडलं आणि पहिला हप्ता त्यात जमा झाला. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आहे. वनहक्काच्या दाव्याची मूळ फाईल तहसीलमध्ये सापडली, तिच्यात गावाच्या मोजणीचा नकाशा नाही. तो काढायला थोरली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत वकिलांबरोबर जाणार आहे. पेटीतल्या त्या चाळीस फायलीही तिने मागून घेतल्या आहेत.

फॉर्म सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहेत. चेक मंडळाच्या नावाने काढावा आणि मेमोच्या ओळीत 'कुटुंब निधी' लिहावं. तीन वर्षांचा हिशेब दर सहा महिन्यांनी सभासदांना कळवू.