सील बदलण्याआधी ब्रीदर पाहा

मलकापूरहून खताची पोती भरलेली पिकअप मोताळ्यावरून राजूर घाट चढते आणि बुलढाण्यात येते. इंजिन तापलं तर डॅशबोर्डवरचा काटा सांगतो. मागच्या एक्सलच्या मधोमध बसलेल्या डिफरन्शिअलला असा काटा नसतो. तिथे खाली वाकूनच पाहावं लागतं.

आत पिनियन क्राऊनला फिरवतो. त्यांचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून उष्णता होणारच. ती बाहेरच्या लोखंडी घरापर्यंत पोचवायचं काम ऑइलचं. गाडी सपाट जागी थंड होऊ द्या आणि फिलर प्लग उघडा. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं लागतं. कमी असेल तर दात आणि बेअरिंग तापतात. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं आणि बाहेर यायला वाट शोधतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात नाले ओलांडणाऱ्या गाड्यांत हे होतं.

बहुतेक गॅरेजात इथे घाई होते. गळती दिसली की सील बदललं जातं. पण आतली हवा तापून फुगते आणि ती एक्सलच्या वरच्या छोट्या ब्रीदरमधून निघते. कुकरची शिट्टी अडकावी तसा तो चिखलाने बुजला की दाब सीलवर येतो, आणि नवं सीलही गळू लागतं. ब्रीदर काढून साफ करायला फारसा वेळ लागत नाही.

मग घर डिझेलने पुसा, थोडी गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. वाऱ्याने ऑइल मागे पसरतं, म्हणून सर्वांत पुढचा आणि वरचा ओला ठिपका शोधायचा. प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असेल तर पिनियन सील. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर एक्सल सील किंवा ब्रेकचं ऑइल. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला उग्र वास येतो. ब्रेकचं पातळ असतं. यातलं कुठलंही असलं, तरी ब्रेक शू भिजलेली गाडी घाटाखाली उतरवू नये.

उष्णतेचंही तसंच. टेम्परेचर गनने मधलं घर आणि दोन्ही टोकं मोजा. एकच टोक जास्त तापलं असेल तर अडकलेला ब्रेक किंवा चाकाचं बेअरिंग. घाट उतरल्यावर दोन्ही टोकं तापणं साहजिकच आहे, ती ब्रेकची उष्णता. मधलंच घर तापलं असेल तर ऑइल, पिनियनचं बेअरिंग आणि मागचे टायर पाहा. एक नवा आणि एक झिजलेला असेल तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरही आतले छोटे गिअर अखंड फिरत राहतात. समृद्धी महामार्गावर मेहकरहून नागपूर गाठेपर्यंत हे शेकडो किलोमीटर चालतं.

सील बदलायचंच ठरलं तर पिनियनच्या नटवर लक्ष ठेवा. अनेक गाड्यांत त्याच्यामागे दबणारा स्पेसर असतो. नट जास्त आवळला की बेअरिंगवर ताण वाढतो, आणि गळती थांबलेली गाडी पहिल्याच चढावर तापू लागते. म्हणून काढण्याआधी नटच्या जागेवर खूण करून ठेवा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर गन पुन्हा लावा.