वाऱ्यापासून गुठळीपर्यंत

पुण्याजवळच्या मुळशीत कुणाचा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की जुनी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ आयुर्वेदानंही पक्षाघात वातविकारांतच धरला. मग तेलानं चोळायचं, पांघरूण घालून निजवायचं. कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगायचं. धावपळ करायची ती देवऋषीकडे, नाहीतर सकाळी एसटीनं पुण्याला.

हे वारं नव्हे, मेंदूतलं रक्त आहे, हे १६५८ साली योहान वेप्फर या स्विस वैद्यानं मेलेल्यांचे मेंदू उघडून दाखवलं. जिवंत माणसात नस फुटलीय की गुठळीनं तुंबलीय, ते झटकन कळायला मात्र सीटी स्कॅन यावा लागला. त्याची पहिली तपासणी १९७१ची. हा भेद जिवाशी खेळणारा आहे, कारण गुठळी विरघळवणारं औषध फुटलेल्या नसेत गेलं तर रक्तस्राव वाढतो.

मुंबईत २००५-०६ साली डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीत फिरून पक्षाघाताची पाहणी केली. पाचांतले सुमारे चार झटके गुठळीचे निघाले, आणि बहुतेक रुग्णांना रक्तदाबाचा विकार होता. म्हणजे मूळ होतं ते वर्षानुवर्षं न मोजलेल्या दाबात. मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके हे त्याचे सोबती.

गुठळीवर इलाज मिळाला तो १९९५ साली. झटका आल्यापासून तीन तासांत अल्टेप्लेजचं इंजेक्शन दिलं तर पुष्कळांचं अपंगत्व टळतं, असं अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५ साली जांघेतून नळी घालून मोठ्या नसेतली गुठळी ओढून काढणं सिद्ध झालं. २०१८पासून निवडक रुग्णांना ते चोवीस तासांपर्यंत करता येतं.

इथं मुळशीचा रस्ताच उपचाराचा भाग होतो. ताम्हिणीकडच्या वाडीतून निघायचं, धरणाच्या काठाकाठानं पौड गाठायचं, पिरंगुटचा घाट ओलांडायचा आणि चांदणी चौकात अडकायचं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला पाडला, नवे रस्ते १२ ऑगस्ट २०२३ला खुले झाले. दुखणाइताला पुण्यात नेणाऱ्यांना या दोन तारखा औषधाच्या शोधाइतक्याच जवळच्या वाटाव्यात.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, शेवटचा धड कधी बोलला? रात्री जेवून झोपलेला माणूस पहाटे वाकड्या तोंडानं उठला, तर वेळ रात्रीच्या जेवणापासूनच मोजली जाते.