पाण्याची वाट आधी, काँक्रीट नंतर

उन्हाळी सुट्टी लागली की गृहसंकुलातील जलतरण तलाव मुलांनी गजबजून जातो. तलावातले पाणी स्वच्छ आहे ना, याची चौकशी प्रत्येक पालक करतो. परंतु ज्या काँक्रीटवरून मुले ओल्या पायांनी धावतात आणि आजी-आजोबा जपून चालतात, ते किती वेळात कोरडे होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. उतारवयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कित्येक महिने परावलंबी करते.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. मागाहून फवारणी करून जीव मारण्यापेक्षा पाणी साचूच न देणे, हाच विवेकाचा मार्ग होय.

त्यासाठी पहिली गरज ढाळाची. काठाभोवतीच्या पट्ट्याला साधारण ५० भागांस १ भाग ढाळ असावा. म्हणजे २ मीटर रुंदीत ४ सेंटीमीटर. हा ढाळ तलावाकडे नव्हे, तर तलावापासून बाहेर उतरला पाहिजे. अन्यथा पायांची धूळ आणि पावसाचे गढूळ पाणी थेट तलावात जाईल.

बाहेरच्या बाजूला मोकळी बाग नसून भिंत किंवा इमारत असेल, तर निचऱ्याची जाळी अपरिहार्य ठरते. चौकोनी जाळी स्वस्त पडते. मात्र तिच्याकडे चारही बाजूंनी ढाळ आणावा लागतो आणि तो साधणे गवंड्याला अवघड जाते. लांबट पन्हळीला एकाच दिशेचा ढाळ पुरतो, म्हणून लांब पट्ट्यासाठी तीच अधिक सोयीची. जाळीच्या फटी मुलांची बोटे अडकणार नाहीत इतक्या अरुंद असाव्यात. साध्या लोखंडाला क्लोरीनमुळे लवकर गंज चढतो, हलके प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. त्यामुळे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील महाग असले तरी टिकाऊ ठरते.

आकार पावसावरून ठरवावा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर पट्ट्यावर तासाभरात १०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लिटर. १०० भागांस १ भाग ढाळ दिलेली ११० मिलिमीटर व्यासाची नळी एवढे पाणी सहज वाहून नेते.

बसवताना खालची माती नीट ठोकून घ्यावी, दोरी ताणून पन्हळ पक्की करावी आणि जाळीवर चिकटपट्टी लावून मगच काँक्रीट ओतावे. जाळीचा माथा काँक्रीटच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली असावा. तो वर राहिला तर पाणी अडते आणि अंगठ्याला ठेचही लागते. पन्हळीच्या तळालाही ढाळ हवा, नाहीतर डासांचे घर तिच्यातच होईल. वळणावर नळी साफ करण्यासाठी झाकण ठेवावे. हे पाणी तलावाच्या शुद्धीकरण यंत्रणेला जोडू नये. तसेच त्यात क्लोरीन मिसळलेले असल्याने ते विहिरीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यातही सोडू नये.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी घ्यावी. पन्हळीत दोन बादल्या पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला पूर्ण बाहेर पडते का, हे व्यवस्थापन समितीतील एखाद्याने स्वतः उभे राहून पाहावे. त्या दिवशी चुकलेली नळी अर्ध्या तासात सरळ करता येते. काँक्रीट घट्ट झाल्यावर तीच चूक सुधारण्यासाठी संपूर्ण पट्टा फोडावा लागतो. आणि बहुतेक ठिकाणी तो फोडला जात नाही, केवळ ‘जपून चाला’ अशी पाटी लागते.