तड्याला अडवणारे सिरॅमिक

जामसंड्यातल्या घरावरचे मंगलोरी कौल खाली पडले तर फुटते. पितळी तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. असे का? धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि आघाताची ऊर्जा शोषली जाते. सिरॅमिकमध्ये ते सहजी सरकत नाहीत, म्हणून बारीकसा तडाही आरपार धावतो.

झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड, याला बराचसा अपवाद आहे. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मिळणाऱ्या झिरकॉन खनिजापासून तो बनवतात. शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भट्टीतून काढून थंड करताना १००० अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिकरचना बदलते, आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढते आणि वस्तू तडकते. मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा इट्रियमचे ऑक्साइड मिसळले की हा बदल रोखला जातो. ते बेतानेच मिसळले, तर काही कण जुन्याच रूपात अडकून राहतात. तडा जवळ आला की तेथील ताणामुळे हे कण रूप बदलतात, फुगतात आणि तड्याला दाबून धरतात! ऑस्ट्रेलियातील गार्वी व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे मांडले.

म्हणूनच कात्रीची पाती, तारा ओढण्याचे साचे, दातांच्या टोप्या यांसाठी झिर्कोनिया वापरतात. पण ओलावा आणि ऊब मिळाली, तर इट्रियमयुक्त झिर्कोनियाच्या पृष्ठभागावरील कण तडा नसतानाही हळूहळू बदलू लागतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतील असे काही गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटले. २००१ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. भट्टीच्या प्रक्रियेतला लहानसा फेरफार त्याला कारणीभूत ठरला होता.

बळ देणारा गुणच बेताबाहेर गेला की दुबळेपणा आणतो, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.